आयत्या बिळावरचा नागोबा?

गेल्या दिवाळीत एका वयोवृद्ध स्नेह्यांकडे फराळास गेलो होतो. हे गृहस्थ पस्तीस वर्षे शाळेत घालवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा सोळा वर्षांचा नातू बैठकीच्या खोलीत संगणकापुढे बसून पन्नास वर्षांपूर्वीचा एक फुटबॉलचा सामना तल्लीनतेने पाहत होता. १९७२ च्या मे महिन्यात रॉटरडॅम येथे झालेला युरोपियन चषकाचा तो अंतिम सामना. एका बाजूस ॲम्स्टरडॅमचा अयाक्स, दुसऱ्या बाजूस मिलान शहराचा इंटर. "कोणाचा रे हा संघ?" मी सहज विचारले. "मिखेल्सचा," मुलगा म्हणाला. मिखेल्सला बार्सिलोनास निघून जाऊन त्या वेळी वर्ष होत आले होते आणि अयाक्सचा प्रशिक्षक श्टेफान कोव्हाच नावाचा रुमानियन होता, हे मी त्याच्या नजरेस आणून दिले. "ते ठाऊक आहे, काका. पण तो काय, आयत्या बिळावर नागोबा! संघ मिखेल्सने घडवला. याने दोन वर्षे चैन केली आणि ढिलाईने तो मोडला."

येथवर ठीक होते. मुलाचे मत त्याच्या पदरचे नव्हते. फुटबॉलवर लिहिणाऱ्या पुष्कळ जाणत्या लेखकांनी ते कमीअधिक सौम्य शब्दांत मांडलेले आहे. मला धक्का बसला तो आजोबांच्या उद्गाराने. या सद्गृहस्थांनी उभ्या आयुष्यात फुटबॉलचा एक सामना पाहिलेला नाही. मिखेल्स आणि कोव्हाच ही नावे त्यांनी त्या क्षणी प्रथमच ऐकली. तरीही चिवड्याची बशी खाली ठेवून ते तत्काळ म्हणाले, "अगदी खरे. एकाने शिस्त लावावी आणि दुसऱ्याने येऊन लाड करावेत. शाळेतही हेच होते."

पुराव्याचा एक कागद न पाहता न्यायाधीशाने निकाल द्यावा, तसा हा निकाल होता. आणि तो इतक्या सहज देता आला याचे कारण उघड आहे. कडक माणसाने कमावले आणि मऊ माणसाने घालवले ही कथा आम्हां सुशिक्षितांच्या मनात अगोदरच तयार असते. तीत नावे तेवढी भरावयाची असतात. फुटबॉलसारख्या विषयावर या मासिकाची पाने खर्ची घालावीत काय, असे ज्या वाचकांस वाटेल त्यांस माझे इतकेच उत्तर आहे की, वाद चेंडूचा असला तरी ज्या मापाने कोव्हाच मोजला गेला, त्याच मापाने आम्ही आमचे शिक्षक, वडील आणि वरिष्ठ रोज मोजीत असतो. ते माप खोटे आहे असे माझे म्हणणे आहे.

प्रथम हा माणूस कोण ते सांगितले पाहिजे. कोव्हाचचा जन्म १९२० साली तिमिश्वारा येथे झाला. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीकडून रुमानियाकडे आलेल्या मुलखातले हे शहर. घराणे हंगेरियन भाषकांचे. थोरला भाऊ निकोलाय हा रुमानियाच्या संघातून १९३०, १९३४ आणि १९३८ अशा पहिल्या तिन्ही विश्वचषक स्पर्धांत खेळला. हा मान जगातल्या फार थोड्या खेळाडूंना मिळालेला आहे. धाकट्याच्या वाट्यास मात्र राष्ट्रीय संघाचा सदरा कधीच आला नाही. युद्धापूर्वी तो बेल्जियममधील शार्लरुआ येथे काही काळ खेळला, नंतर क्लुज शहरात खेळला. चांगला होता, थोर नव्हता. खेळाडू म्हणून त्याचे चरित्र एवढ्यातच संपते. भावाच्या सावलीत वाढलेल्या या माणसाने पुढे दुसऱ्या एकाच्या सावलीत उभे राहून आपले सर्वांत मोठे काम करावे, हा दैवयोगच म्हणावयाचा.

प्रशिक्षक झाल्यावर १९६७ पासून चार वर्षे तो बुखारेस्टच्या स्तेआउआ संघाकडे होता. स्तेआउआ हा सैन्याचा संघ. या काळात त्याने १९६८ चे राष्ट्रीय विजेतेपद आणि १९६९, १९७०, १९७१ असे लागोपाठ तीन वेळा रुमानियाचा चषक मिळवला. तेव्हा अयाक्सच्या दारात आला तो कोणी भटका नशीबवान नव्हता.

आता पूर्वपक्ष. तो दुबळा करून मांडण्यात पुरुषार्थ नाही, म्हणून त्याच्या पूर्ण बळाने मांडतो. रिनुस मिखेल्स हा अयाक्सचाच जुना आघाडीचा खेळाडू आणि शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. १९६५ च्या जानेवारीत तो प्रशिक्षक म्हणून आला तेव्हा संघ पहिल्या श्रेणीतून खाली घसरण्याच्या बेतात होता. त्याने व्यायाम वाढवला, नियम कडक केले, हौशी वृत्तीच्या पोरांना व्यावसायिक बनवले. पुढच्याच वर्षी संघ हॉलंडचा विजेता झाला. १९६७, १९६८ आणि १९७० सालीही झाला. १९६९ साली युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात माद्रिद येथे ए. सी. मिलानकडून ४-१ असा मार खाल्ल्यावर मिखेल्स डगमगला नाही. खेळाडू बदलले, रचना बदलली, आणि १९७१ साली लंडनच्या वेंब्ली मैदानावर पानाथिनाइकोसचा २-० असा पराभव करून चषक घेतला. पुढे आलेला रक्षक, मागे येणारा आघाडीचा गडी, जागांची अदलाबदल, प्रतिपक्षाला त्याच्याच अंगणात कोंडणे, अशा ज्या खेळाला जग टोटल फुटबॉल म्हणते त्याचा पाया मिखेल्सने घातला. 'जनरल' हे नाव त्याला उगाच पडले नाही. हे सारे मला मान्य आहे. मिखेल्सच्या श्रेयातला एक कणही मला कमी करावयाचा नाही.

पण पाया घातला म्हणजे इमारत झाली काय? येथे आक्षेपक नेहमी एक गोष्ट सांगावयास विसरतात. मिखेल्सच्या शेवटच्या मोसमात, म्हणजे १९७०-७१ मध्ये, अयाक्स हॉलंडचा विजेता नव्हता. ते विजेतेपद रॉटरडॅमच्या फेयेनोर्डने नेले होते. कोव्हाच आल्यानंतरच्या पहिल्या मोसमात अयाक्सने चौतीस सामन्यांपैकी तीस जिंकले, तीन बरोबरीत सोडवले आणि एकच गमावला. १०४ गोल केले, २० स्वीकारले. फिटेस नावाच्या संघाला त्यांनी १२-१ असे झोडपून काढले. दुसऱ्या मोसमात पुन्हा तीस विजय, १०२ गोल, आणि अंगावर अवघे १८. ढिलाई झालेल्या संघाची बचावफळी दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाहून घट्ट व्हावी, हा ढिलाईचा अजब मासला होय! १९७२ मध्ये हॉलंडचे विजेतेपद, हॉलंडचा चषक आणि युरोपियन चषक ही तिन्ही एकाच मोसमात आली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात अर्जेंटिनाच्या इंदिपेंदिएंतेला नमवून आंतरखंडीय चषक आला. १९७३ च्या मे महिन्यात बेलग्रेड येथे युव्हेंटसवर १-० असा विजय मिळवून युरोपियन चषक तिसऱ्यांदा ॲम्स्टरडॅमला गेला. मिखेल्सने तो एकदा जिंकला, कोव्हाचने दोनदा.

"परंतु संघ तोच होता ना?" नव्हता. १९७१ चा कर्णधार वासोविच, म्हणजे बचावफळीच्या पाठीशी मोकळा राहून सर्वांस सांभाळणारा तो युगोस्लाव्ह, त्या विजयानंतर निवृत्त झाला. मध्यफळीतला राइंडर्स बेल्जियमला निघून गेला. घराचा मधला खांबच काढून घेतल्यावर घर उभे राहिले ते कोणाच्या हिकमतीने? वासोविचच्या जागी जर्मन ब्लांकेनबुर्ग कायम झाला. मध्यफळीत आरी हान कायम झाला. वेंब्लीच्या सामन्यात हे दोघेही बदली म्हणून मैदानात उतरले होते. कोव्हाचच्या हाताखाली ते संघाचे कणे बनले. पुढच्या वर्षी उजव्या बगलेवरच्या जुन्याजाणत्या स्वार्टच्या ठिकाणी जॉनी रेप हा कोवळा मुलगा आला, आणि बेलग्रेडचा एकमेव गोल त्यानेच डोक्याने मारला. वारशाने आलेली जमीन नुसती राखणारा मालक आणि तीत नवी कलमे लावणारा मालक यांतला भेद शेतीच्या बाबतीत आम्हांस तत्काळ कळतो. खेळाच्या बाबतीत तो का कळू नये?

आणि आकड्यांवरच माझी भिस्त नाही. ज्याला डोळे आहेत त्याने ते सामने पाहावेत. आज ते घरबसल्या पाहता येतात. १९७३ च्या मार्चमध्ये ॲम्स्टरडॅम येथे बायर्न म्यूनिक आले. बेकेनबाउअर, म्युलर, मायर असे आदल्या वर्षी युरोपचे विजेते ठरलेल्या पश्चिम जर्मनीचे आधारस्तंभ या संघात होते. अयाक्सने त्यांचा ४-० असा फडशा पाडला. चारांपैकी दोन गोल हानचे. त्यानंतर एप्रिलात माद्रिदच्या बेर्नाबेउ मैदानावर एक प्रसंग घडला, तो मी कितीदा पाहिला असेन याची गणती नाही. गेरी म्यूरेन या मध्यफळीतल्या खेळाडूकडे चेंडू येतो. सहकारी धावत पुढे येण्यास क्षणभर अवकाश आहे. तोवर करावयाचे काय? म्यूरेन चेंडू भुईवर पडूच देत नाही. डाव्या पायाने तो अलगद वर उडवतो, पुन्हा झेलतो, पुन्हा उडवतो, जणू अंगणात पोरगा एकटाच खेळतो आहे. आणि मग तो सहकाऱ्याकडे सोपवतो. आजूबाजूस रेआल माद्रिदचे खेळाडू, सभोवती अफाट स्पॅनिश समुदाय, आणि सामना युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीचा! सामना अयाक्सने १-० असा जिंकला, पण लोकांच्या स्मरणात ते म्यूरेनचे दोन क्षण राहिले.

हा प्रसंग मी मुद्दाम विस्ताराने सांगितला. कवायतीने माणूस चपळ होतो, दमदार होतो, आज्ञाधारक होतो. परंतु शत्रूच्या दारात उभे राहून असे निर्धास्त खेळणे कवायतीतून येत नाही. ते येते चुकण्याची मुभा असल्याच्या जाणिवेतून. म्यूरेनचा चेंडू त्या वेळी निसटला असता तर? मैदानाच्या कडेला बाकावर बसलेला माणूस आपल्याला खाऊन टाकणार नाही, ही खात्री त्याच्या पायात होती असे माझे मत आहे.

कोव्हाचविषयी एक गोष्ट नेहमी सांगतात. पहिल्याच दिवशी सरावाच्या वेळी खेळाडूंनी परीक्षा पाहण्यासाठी त्याच्या दिशेने एक चेंडू सणसणीत मारला. पन्नाशीच्या या गृहस्थाने तो पायावर अलगद थांबवला, परत पाठवला, आणि एक शब्द न बोलता काम पुढे सुरू केले. खेळाडूंच्या वाढलेल्या केसांवर त्याने काही बंधन घातले नाही, हेही त्याच्या ढिलाईचे प्रमाण म्हणून पुढे केले जाते. मुले केस किती वाढवतात यावरून शाळेचा दर्जा ठरविणारे लोक आमच्याकडेही काही थोडे नाहीत.

मला यातली एक विसंगती फार मौजेची वाटते. मिखेल्स हा हॉलंडसारख्या मोकळ्या, लोकसत्ताक देशात वाढलेला. आणि लष्करी शिस्तीचे नाव मिळाले त्याला. कोव्हाच आला तो चाउशेस्कूच्या हुकूमशाहीतून, आणि तोही प्रत्यक्ष सैन्याच्या संघाकडून. आणि मोकळीक दिल्याचा आरोप आला त्याच्यावर! हुकुमाचे राज्य जवळून पाहिलेल्या माणसाला हुकुमाची किंमत आणि तिची मर्यादा, दोन्ही ठाऊक असणे संभवते. उलट ज्याने ते कधी भोगले नाही त्यास छडीचे आकर्षण अधिक असते.

आता सर्वांत गंभीर आरोप: कोव्हाचच्या सैलपणामुळेच पुढे अयाक्स फुटला. आपल्या हाताखालच्या संघात सर्व काही गोडीगुलाबीने चालले होते असे मी म्हणणार नाही. १९७२ च्या वसंतात संचालकांनी त्याला काढून टाकण्याचे जवळजवळ ठरवले होते. शिस्त बिघडली ही त्यांचीही तक्रार होती. बेत फिरला तो खेळाडूंनी विरोध केल्यामुळे. आता, लाडावलेली मुले लाड करणाऱ्याची बाजू घेणारच, असे कोणी म्हणेल. पण त्यानंतर थोड्याच आठवड्यांत त्याच मुलांनी रॉटरडॅमला इंटरच्या जगप्रसिद्ध बचावाची कोंडी फोडून क्रॉयफच्या दोन गोलांनी चषक आणला, याची वासलात कशी लावावयाची?

फुटीची हकीकत अशी. १९७३ च्या उन्हाळ्यात कोव्हाच अयाक्स सोडून फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाकडे गेला. त्यानंतर, म्हणजे नवा प्रशिक्षक क्नोबेल याच्या कारकीर्दीत, खेळाडूंनी मतदान करून कर्णधारपद क्रॉयफकडून काढून पीट कायझरला दिले. दुखावलेला क्रॉयफ निघून गेला. जगात तोवर कोणत्याही खेळाडूसाठी दिली गेली नव्हती एवढी रक्कम मोजून त्याला नेले बार्सिलोनाने. परदेशी खेळाडूंवरची स्पेनमधली बंदी नुकतीच उठली होती. आणि बार्सिलोनाचा प्रशिक्षक त्या वेळी कोण होता? रिनुस मिखेल्स! पुढच्या वर्षी नेस्केन्सही त्याच वाटेने गेला. ज्याने खांब नेले त्याला घर पडल्याचा दोष नाही. जो दोन वर्षे त्याच घरात दिवे लावून गेला त्याच्या नावाने मात्र बोटे मोडावयाची. या न्यायाला काय म्हणावे? मतदानाचे बीज आधीच पेरले गेले असेल, मी नाकारीत नाही. क्रॉयफचा अहंकार आणि सोबत्यांचा मत्सर ही काही एका उन्हाळ्यात उगवलेली पिके नव्हेत. पण मग हेही कबूल करा की, ते बीज पोटात असतानाच कोव्हाचने या अकरा मानी माणसांकडून दोन वर्षे असा खेळ करून घेतला. मानी माणसांना एकत्र ठेवणे ही शिस्त नव्हे काय?

येथे मला माझ्या धंद्याची एक गोष्ट आठवते, ती सांगून टाकतो. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी, असा माझा लौकिक होता आणि त्याचा मला अभिमान होता. मुले उत्तम गुण मिळवीत. पुढे काही कारणाने एक वर्ग मध्येच माझ्याकडून काढून एका तरुण सहकाऱ्याकडे देण्यात आला. त्यांच्या वर्गातून हशा ऐकू येई. वादावादी ऐकू येई. मी मनातल्या मनात तोंड वाकडे करीत असे. वर्षअखेर त्याच मुलांनी लिहिलेले निबंध माझ्याकडे तपासण्यास आले. त्यांत चुका होत्या, पण माझ्या टिपणांतले एकही वाक्य नव्हते. जे होते ते त्यांचे स्वतःचे होते. सहकाऱ्यांच्या खोलीत मी त्या दिवशी काय बोललो असेन? मी म्हणालो, "पाया माझा होता." आज ते वाक्य आठवले की लाज वाटते. पाया माझा होता हे खरेच होते. ते मी ज्या हेतूने म्हटले तो हेतू मात्र नीच होता.

कोव्हाच सर्वत्र यशस्वी झाला असे नाही, आणि त्याचा कैवार घेताना ते लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. फ्रान्सकडे तो दोन वर्षे होता; १९७६ च्या युरोपियन स्पर्धेच्या अंतिम टप्प्यापर्यंत तो संघ पोहोचला नाही. त्याचा तेथील साहाय्यक मिशेल इदाल्गो हा त्याच्यानंतर प्रमुख झाला आणि १९८४ साली फ्रान्सला युरोपचा विजेता करून गेला. पण ते श्रेय मी कोव्हाचच्या पदरात घालणार नाही, कारण तसे करणे म्हणजे मी ज्यांच्याशी भांडतो आहे त्यांचीच चूक उलट्या दिशेने करणे होय. रुमानियाच्या राष्ट्रीय संघाकडे तो परतला तेव्हा १९७७ च्या नोव्हेंबरात बुखारेस्ट येथे युगोस्लाव्हियाकडून ६-४ असा पराभव पदरी आला आणि विश्वचषकाची वाट बंद झाली. आपल्याच अंगणात सहा गोल खाणारा संघ हा काही शिस्तीचा नमुना म्हणता येणार नाही. मोकळीक ही पिकलेल्या मनाला मानवते. कच्च्या संघाला ती मानवत नाही, एवढे यावरून कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही. मिखेल्सच्या अगोदर, १९६५ साली कोव्हाच अयाक्सला आला असता तर संघ कदाचित खालच्या श्रेणीत गेला असता. परंतु १९७१ नंतरही मिखेल्सच राहिला असता तर म्यूरेनने बेर्नाबेउवर तो चेंडू उडवला असता का, हा प्रश्नही तितक्याच सरळपणे विचारला पाहिजे. आणि तो कोणी विचारीत नाही.

आता शेवटचा मुद्दा. १९७४ च्या विश्वचषकासाठी हॉलंडच्या संघाला पात्र ठरवले ते फ्रान्टिशेक फाद्रहोन्क या चेक प्रशिक्षकाने. ऐन स्पर्धेच्या तोंडावर मिखेल्सला वर आणून बसवण्यात आले आणि फाद्रहोन्क त्याचा साहाय्यक झाला. हॉलंडने त्या उन्हाळ्यात जगाला वेड लावले. म्यूनिकच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडून २-१ असा पराभव झाला, तरी नाव झाले ते हॉलंडचे आणि मिखेल्सचे. त्या अंतिम सामन्यात उतरलेल्या अकरांपैकी सहाजण, म्हणजे स्यूरबीर, हान, क्रोल, नेस्केन्स, क्रॉयफ आणि रेप, हे बेलग्रेडला कोव्हाचच्या हाताखाली चषक जिंकलेल्या संघातले होते. हान आणि रेप हे तर त्याच्याच काळात संघात पक्के झालेले. म्हणजे पात्रता फाद्रहोन्कने मिळवलेली, खेळाडू दोन वर्षे कोव्हाचने खेळवलेले, आणि मिखेल्स आला तो शेवटच्या काही आठवड्यांसाठी. तरी तेथे कोणी नागोबाचे नाव काढीत नाही. १९९९ साली जागतिक फुटबॉल संघटनेने मिखेल्सला शतकातला सर्वश्रेष्ठ प्रशिक्षक ठरवले. कोव्हाच त्यापूर्वी चार वर्षे, १९९५ मध्ये, क्लुज येथे वारला होता.

मुख्याध्यापक महाशयांना हा सारा हिशेब मी परवा ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "पण त्या मुलांचे केस खरेच एवढे लांब होते?" नातू हसला. त्याने तो बेर्नाबेउचा सामना पुन्हा लावला, आणि म्यूरेनकडे चेंडू आला तेव्हा आजोबांचा चष्मा त्याने स्वतः पुसून त्यांच्या हातात दिला.